बहात्तर वेढे

पुण्याच्या संशोधनसंस्थेकडून वैजयंतीला आलेलं पत्र चार ओळींचं होतं. मुलाखत पुढच्या सोमवारी, सकाळी दहा वाजता. येताना, अर्जात लिहिल्याप्रमाणे, ताऱ्याच्या प्रकाशाची स्वतः केलेली मोजमापं आणावीत.

अर्जात तिने तसं लिहिलं होतं खरं. एक तारा चार-पाच दिवसांच्या अंतराने मंद होतो आणि पुन्हा उजळतो, पण प्रत्येक वेळी सारखा नाही. ते का, हे तिला शोधायचं होतं. एम.एस्सी.चा निकाल लागून तीन महिने झाले होते आणि पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बसून दुर्बीण कुठून आणणार? पण देशोदेशीच्या हौशी लोकांनी त्या ताऱ्याचे नऊशे फोटो काढून इंटरनेटवर एकमेकांत वाटायला ठेवले होते. सगळे मिळून साडेचार जीबीचा ऐवज. कुणा एकाकडून अख्खा उतरवायचा नाही. ज्याच्याकडे जो तुकडा असेल त्याच्याकडून तो घ्यायचा आणि आपल्याकडे आलेले तुकडे इतरांना द्यायचे, अशी रीत. तिला ती भिशीसारखी वाटायची आणि म्हणूनच आवडायची.

रविवारी सकाळी तिने मैत्रिणीकडून, रजनीकडून, आठवड्यासाठी मागून आणलेला लॅपटॉप मोडेमला जोडला आणि फाइल लावली. तासाभराने पाहिलं तर वेग सेकंदाला चार केबी. खाली उरलेला वेळ दिसत होता: तेरा दिवस.

"तेरा दिवसांत काय होणार आहे गं?" आईने चहाचा कप ठेवत विचारलं.

"मुलाखत होऊन मी परत आलेली असेन."

"मग काय उपयोग?"

"तेच म्हणतेय मी."

लीलावतीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. निळी पट्टी हलत नव्हती. "आमच्या वेळी नागपूरचा ट्रंककॉल लवकर लागायचा," असं म्हणून त्या आत गेल्या.

वैजयंतीचा स्वभाव असा की एखादी गोष्ट बिघडली की तिला आधी राग येत नसे, आधी प्रश्न पडत. तिने वही काढली आणि पानाच्या डोक्यावर लिहिलं: 'एका वेळी एकच बदल.' मग पहिला प्रश्न. तुकडे येतात तेव्हा प्रत्येकाची पोच उलट पाठवावी लागते. पोच मिळाल्याशिवाय समोरचा पुढचा तुकडा सोडत नाही. तिचं मशीन मात्र इतरांना वाटण्यात इतकं दंग होतं की जाणारा रस्ता त्यानेच भरून गेला होता आणि पोचा मागे तुंबून पडल्या होत्या. तिने देण्यावर मर्यादा घातली. वेग सहा झाला. मग बाहेरच्या लोकांना तिच्यापर्यंत थेट पोचता यावं म्हणून मोडेममध्ये एक दार उघडून दिलं. साडेनऊ.

दुपारी बाराला ती साडेनऊवर खूश होती. एक वाजता ती खूश नव्हती. हिशेब केला तर फाइल शुक्रवारी रात्री पूर्ण होणार होती आणि पुण्याची गाडी शुक्रवारी संध्याकाळी होती. शिवाय नऊशे फोटो मोजायला निदान दोन दिवस हवेत.

पण तिला खटकलं ते वेगळंच. देणारे कधी अकरा असत, कधी चाळीस. वेग मात्र साडेनऊच्या वर केसभरही जात नव्हता. चाळीस जण वाढायला उभे असताना पानात तेवढंच पडत असेल, तर वाढपी कमी नाहीत; दार अरुंद आहे.

तिने मोडेमचं स्वतःचं पान उघडलं. तिथे लाइनचा वेग दिसतो. पैसे पाचशे बारा किलोबिटचे भरलेले. आकडा होता शहाण्णव.

सोमवारी तिने टेलिफोन ऑफिसात तक्रार नोंदवली आणि मंगळवारी सकाळी लाइनमन कुशवाह सायकलवरून आला. त्याने बैठकीतला फोन उचलून कानाला लावला.

"डायल टोन तो एकदम टनाटन है, बिटिया."

"आवाज़ ठीक है भैया, नेट धीमा है."

"आवाज़ ठीक तो लाइन ठीक."

"हे कशावरून?" ती म्हणाली आणि मग हिंदीत तोच प्रश्न परत विचारला. कुशवाहने डोकं खाजवलं. हा प्रश्न त्याला वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

अखेर तिच्याच आग्रहावरून तो जिन्याखालच्या टेलिफोनच्या डबीपाशी आला. खांबावरून आलेली लाइन तिथे उतरत होती आणि तिथून वर घरात जात होती. त्याने कुलूप काढलं. तळमजल्यावरच्या वसुधाकाकूंनी खिडकीतून विजेचा बोर्ड बाहेर दिला. वैजयंती जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. मोडेम थेट डबीला जोडला. हिरवा दिवा लुकलुकून स्थिर झाला. आकडा आला, पाचशे बारा.

मग तीच लाइन, तोच मोडेम, पुन्हा वर बैठकीत. शहाण्णव.

"घर में गड़बड़ है," कुशवाह म्हणाला. दोघांनी मिळून भिंतीवरून जाणारी तार डोळ्यांनी पाहत नेली. ती जिन्यावरून वर आली, दाराच्या चौकटीवरून आत शिरली आणि एका पॉलिश केलेल्या लाकडी खोक्यात गेली. खोक्यातून निघून फोनपाशी. मध्ये दुसरं काही नव्हतं.

कुशवाहने झाकण उघडलं आणि दोन बोटं कानाला लावली. "ये तो मोहरील साहब का मंदिर है. इसको हम हाथ नहीं लगाएँगे." आणि तो गेला.

खोकं वैजयंती शाळेत असल्यापासून पाहत आली होती. तिचे बाबा, नरहर मोहरील, कारखान्यात वाइंडर होते. मोठ्या मोटारींची कॉइल गुंडाळण्यात एकतीस वर्षं गेली होती, निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यांचा एक नियम होता: तार कापायची नाही. तार कापली की सांधा आला आणि सांधा म्हणजे बिघाडाचं माहेर. फोन पूर्वी मागच्या खोलीत होता, आजीच्या उशाशी. आठ वर्षांपूर्वी आजी गेल्यावर तो बैठकीत आला आणि अठरा मीटर तार उरली. दुसऱ्या कुणी तिचं भेंडोळं करून खिळ्याला अडकवलं असतं. बाबांनी ती गुंडाळली. फोनला लागते ती दोन पदरी जोडतार त्यांना बाजारात पसंत पडली नव्हती म्हणून दोन सुट्या तारा आणल्या होत्या. तेव्हा दोन पाइपांच्या तुकड्यांवर दोन कॉइल. वेढ्याला वेढा चिकटून, वर सुती फीत, फितीवर वॉर्निश. दर खंडेनवमीला पान्हे-पक्कडींबरोबर या खोक्यावरही झेंडूचं फूल पडायचं.

वैजयंती त्या दोन कॉइलकडे पाहत राहिली. मग तिला हसू आलं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत इतकी सुबक कॉइल तिने पाहिली नव्हती. आणि पाच वर्षं नेट संथ म्हणून ती ज्या टेलिफोन खात्याच्या नावाने बोटं मोडत होती, ते बिचारं खोक्यापर्यंत पूर्ण वेग आणून पोचवत होतं.

"बाबांना सांगशील?" आईने विचारलं.

"सांगावं तर लागेलच."

"गेल्या वर्षी मी फडक्याने पुसताना एक फीत सुटली होती. दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी. जपून सांग."

चार वाजता पहिली पाळी संपवून नरहरराव आले. स्कूटर लावली, हात धुतले, चहा घेतला. वैजयंती समोर येऊन बसली.

"बाबा, ट्यूबलाइटमधला चोक काय करतो?"

"करंट आवरतो. का?"

"आहे काय त्याच्यात?"

"तारेचे वेढे. आणखी काय असणार?"

"समजा फ्रीक्वेन्सी वाढवली. पन्नास सायकलच्या जागी पाच हजार केली. मग?"

"मग जास्त आवरेल. शंभरपट." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुला हे कॉलेजात शिकवलं नाही?"

"शिकवलं. फोनवर आपण बोलतो ते जास्तीत जास्त तीनेक हजार सायकलपर्यंत जातं. इंटरनेट त्याच तारेतून जातं, पण लाखांच्या घरात. दीड लाखापासून अकरा लाखांपर्यंत."

 नरहररावांची नजर हळूहळू तिच्या डोक्यावरून भिंतीकडे गेली आणि खोक्यावर थांबली. स्वयंपाकघरात आईने नळ बंद केला.

"आवाज खणखणीत येतो," ते म्हणाले.

"येतो. म्हणूनच कुणाला कळलं नाही."

"आकडा दाखव. नुसतं बोलणं नको."

तिने वही पुढे केली. "वेढे किती आहेत ते मोजावे लागतील, वरून वॉर्निश आहे म्हणून..."

"बहात्तर."

"नक्की?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने मुकाट्याने बहात्तर लिहिलं. पाइपाचा व्यास आठ सेंटिमीटर, कॉइलची लांबी सहा. तिने सूत्र मांडलं, बाबांनी कॅलक्युलेटर घेतला. बोलण्याच्या आवाजाला दोन्ही कॉइलचा मिळून अडथळा आला बारा-तेरा ओहम. फोनला तो जाणवायचाही नाही. तीन लाख सायकलला बाराशेच्या वर. आणि मोडेमला लाइनकडून अपेक्षा शंभर ओहमची.

"म्हणजे मी दारात चोक बसवला," नरहरराव म्हणाले.

"छान बसवलाय पण."

"मस्करी पुरे." पण ओठाच्या कडेला काहीतरी हललं. ते उठले, खोक्याचं झाकण काढून समोर उभे राहिले. 

"कापूया का?" वैजयंतीने हळूच विचारलं. "इथे आणि इथे. दोन सांधे येतील फक्त. घड्याळ चाललंय, बाबा. आज सुरू झालं तर उद्या फाइल येईल. नाहीतर मी पुण्याला रिकाम्या हाताने जाईन."

"कापायची नाही."

"बाबा..."

"ऐकून घे. एका तारेतून करंट जातो, दुसरीतून परत येतो. बरोबर?"

"बरोबर."

"मी दोघींना वेगवेगळ्या घरात ठेवलं, म्हणून प्रत्येकीने आपापलं चुंबकत्व उभं केलं. दोघी शेजारी शेजारी, एकाच पाइपावर जोडीने गुंडाळल्या तर? जाणारीचं आणि येणारीचं एकमेकांना खाऊन टाकेल. वेढे बहात्तरच, तार तेवढीच, आणि चोक शून्य." ते वळले. "तुझ्या लाखांच्या सायकलला हे लागू आहे की नाही?"

 हे वैजयंतीने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण समोर खोकं असताना तिला पक्कड सुचली होती. हे सुचलं नव्हतं.

"लागू आहे," ती म्हणाली. "अगदी शून्य नाही. पण जवळपास."

"जवळपास चालेल. लीला, जुनं धोतर आण. आणि केस वाळवायचं ते यंत्र."

वॉर्निश गरम हवेने मऊ करत, फीत नखाने सोडवत, दोन्ही कॉइल उलगडायला दीड तास लागला. आठ वर्षांनी सुटलेल्या तारा बैठकभर पसरल्या. आई दोन तारा सारख्या ताणून धरून दाराशी उभी. बाबा पाइप फिरवत होते आणि वैजयंती मोजत होती. एकेचाळिसाव्या वेढ्याला तिचं लक्ष ताऱ्याकडे गेलं आणि ती चुकली.

"बेचाळीस," बाबा पाइपावरची नजर न काढता म्हणाले.

बहात्तरावर ते थांबले. धोतर फाडून केलेली नवी सुती फीत बांधली. वॉर्निश तेवढं राहिलं. वैजयंतीने मोडेम लावला. हिरवा दिवा लुकलुकत राहिला. तिघं त्याच्याकडे बघत राहिली. मग आकडा आला. चारशे ऐंशी.

"बत्तीस कुठे गेले?" नरहरराव म्हणाले.

"जवळपास," वैजयंती म्हणाली.

फाइल बुधवारी दुपारी पूर्ण झाली. त्यानंतरचे दोन दिवस ती लॅपटॉपवरून उठली नाही. बाबा कामावरून आले की मागे उभे राहून एकेका फोटोतला तो ठिपका पाहायचे आणि विचारायचे, "हा कमी झाला की शेजारचा वाढला, हे कशावरून?" शेवटी त्याच प्रश्नामुळे तिने दुसरा तुलनेचा तारा घेतला आणि अर्धी मोजमापं पुन्हा केली. शुक्रवारी गाडी सुटायच्या तीन तास आधी शेवटचा आलेख छापून झाला.

सोमवारी दुपारी दोन वाजता पिपलानीतला फोन वाजला. नरहररावांनी त्या दिवशी रजा घेतली होती, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"बाबा, बहात्तरच का?"

"काय?"

"वेढे. बहात्तरच का? त्यांनी विचारलं, फोटो एवढ्या उशिरा हाती आले, तर सोमवार ते बुधवार काय केलं. मी फळ्यावर दोन्ही कॉइल काढून दाखवल्या. त्यांच्यातले एक म्हातारे सर उठून फळ्यापाशी आले आणि म्हणाले, बहात्तरच का? मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, विचारून सांगते."

"अठरा मीटर तार उरली होती. त्या पाइपावर एका मीटरला चार वेढे बसतात."

 पलीकडून वहीत लिहिल्याचा आवाज इथपर्यंत ऐकू आला, इतकी लाइन स्वच्छ होती.

"एवढं साधं?"

"मग काय वाटलं होतं तुला? आणि निवडीचं काय झालं?"

"झाली. एक तारखेला रुजू व्हायचंय. थांबा हं, बाबा, सर इथेच उभे आहेत, त्यांना सांगून येते."

नरहरराव फोन कानाला लावून उभे राहिले. लीलावतीबाई दाराशी येऊन हाताने विचारत होत्या, काय म्हणाली. त्यांनी बोट वर केलं, थांब. पलीकडे दूर कुठेतरी त्यांची मुलगी कुणाला तरी अठरा गुणिले चार सांगत होती आणि तो आवाज बहात्तर वेढे फिरून खणखणीत येत होता.