लाहितकर

मॅल्कमने कार्ड शेजारच्या ओनोरेच्या फाटकावरच्या टपालपेटीत टाकलं आणि खडी वाजू नये म्हणून तो गवताच्या कडेकडेने परत निघाला. समोर ओनोरेच्या घराच्या खिडक्या भर सकाळी बंद होत्या. स्वयंपाकघराचं दार मात्र सताड उघडं होतं आणि आत दिवा जळत होता. फेब्रुवारीची थंडी नुसती चावत होती. दुःखाच्या भरात कुणी दार लोटायला विसरलं असेल, असं त्याला वाटलं. जाऊन लोटून घ्यावं, असंही क्षणभर मनात आलं. पण दुसऱ्याच्या दुःखात न बोलावता डोकावू नये, हे त्याच्या आईने त्याला लहानपणीच बजावलं होतं. तो घरी आला आणि फोनजवळ खुर्ची ओढून बसला.

डॉक्टरची गाडी पहाटे आली आणि लगेच परत गेली, तेव्हाच तो काय ते समजला होता. महिनाभर ओनोरे अंथरुणाला खिळून होता. कार्डावर मॅल्कमने लिहिलं होतं, ‘तुमच्या दुःखात सहभागी आहे. काहीही लागलं तर निःसंकोच सांगा.’ वाक्य फ्रेंचमध्ये नीट उतरावं म्हणून त्याने शब्दकोश दोनदा उघडला होता.

पलीकडे ओनोरेची बदकं ओरडायला लागली. त्यांची मक्याची वेळ टळून गेली होती. घरातलं कुणीतरी बघेल, असं म्हणत मॅल्कमने चहा केला. बदकांनी उच्छाद मांडला. दुपारी केव्हातरी ती एकदम गप्प झाली, तेव्हा त्याला बरं वाटलं.

फोन काही वाजला नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात माणूस घराच्या नावाने ओळखला जाई. मॅल्कम आणि ब्रेंडाने लाहित नावाचं घर विकत घेतलं, त्या दिवसापासून तो लाहितकर झाला. त्याचं खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक. ओनोरे तर कुंपणापलीकडूनच हाळी द्यायचा, “ए लाहित! जिवंत आहेस की बायकोच्या केकने मेलास?” ब्रेंडाचा आल्याचा केक त्याने एकदाच खाल्ला होता. उरलेला तुकडा तिच्यादेखत बदकांना घातला आणि वर म्हणाला, “बघा, तीसुद्धा विचार करतायत.” ब्रेंडा त्या दिवशी पोट धरधरून हसली होती.

तीच ब्रेंडा गेली, तेव्हा ओनोरे दारावर न ठोठावता आत आला होता. टोपी काढली, मयताच्या घरी थांबवतात तसं भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, मॅल्कमला खुर्चीत बसवलं आणि सगळं आपल्या हातात घेतलं. घरोघरी निरोप त्याने दिला, पाद्रीबाबांशी तो बोलला, आणि अंत्ययात्रेत शवपेटीपुढे चर्चचा तो उंच क्रूस धरून तोच चालला. ब्रेंडाने उभ्या आयुष्यात चर्चची पायरी चढली नव्हती. तरी त्या बुटक्या, पाय ओढत चालणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघून मॅल्कमचा ऊर भरून आला होता. परक्या मुलुखात आपल्याला एक जिवाभावाचा मित्र मिळाला, असं त्याने मुलीला फोनवर सांगितलं होतं.

आता त्या मित्राच्या पेटीला खांदा द्यायला तरी आपल्याला बोलावतील, एवढीच त्याची आस होती. काळा कोट झटकून त्याने दारामागे टांगून ठेवला. दुसरा दिवसही तसाच गेला. गावातल्या गाड्या त्याच्या फाटकावरून ओनोरेकडे जात होत्या, येत होत्या. एकानेही वेग कमी केला नाही.

“अजून कुणी आलं नाही?” मुलीने, हिलरीने, लीड्सहून विचारलं. “डॅड, मी किती वर्षं सांगतेय. ती माणसं हसतील, वाइन पाजतील, पण तुम्हाला घरातलं कधी समजणार नाहीत. घर विका आणि इकडे या.”

एरवी तो भांडला असता. या वेळी म्हणाला, “तुझंच खरं दिसतंय.”

अंत्यविधीची घंटा ऐकून तो चर्चमध्ये गेला आणि मागच्या बाकावर बसला. आजूबाजूला जागा होती, तिथे कुणी बसलं नाही. पेटी बाहेर निघाली, तेव्हा क्रूस धरून पुढे पुयान होता, नाल्यापलीकडचा, ओनोरेशी वर्षातून चार शब्द बोलला तर बोलणारा. मॅल्कम मनात धुमसला. सरपण फोडायला मी, नांगरात अडकलेली साखळी सोडवायला मी, रात्र रात्र पत्ते खेळायला मी, आणि आज हा पुयान? दफनानंतर सगळे ओनोरेच्या घरी जेवायला वळले. मॅल्कम कोटाची बटणं लावत एकटाच आपल्या घरी आला आणि त्याने सूपचा डबा उघडला.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी राहवेना, तेव्हा ब्रेंडाच्या वहीत बघून त्याने आल्याचा केक केला आणि तो ओनोरेकडे गेला. या वेळी दार बंद होतं. त्याने ठोठावलं.

ओनोरेची बायको झिनेत बटाटे सोलत होती. तिने मानेनेच खुर्ची दाखवली. कपाटावर आलेल्या कार्डांची चळत होती, त्यात सगळ्यात वर त्याचंच कार्ड.

“लवकर यायचं होतं मला,” मॅल्कम म्हणाला. “तुम्हाला त्रास नको, म्हणून थांबलो.”

“त्रास?” तिने सुरी थांबवली. “पहाटे गेले ते. मी दार उघडून ठेवलं, कॉफी टाकली, खुर्ची मांडली. दुपारपर्यंत दार उघडं होतं. पोरगी म्हणत होती, आई, गारठशील, लोटून घे. मी म्हटलं, थांब, लाहितकर येतीलच.”

“पण मला कुणी बोलावलंच नाही.”

“अशा वेळी बोलावणं पाठवतात का कधी? आणि ते पाठवणार कोण? सगळ्यात जवळचं घर तुमचं, म्हणून पहिला शेजारी तुम्ही. गावाला सांगायचं, क्रूस धरायचा, ते तुम्ही.”

मॅल्कमने हातातला केक टेबलावर ठेवला. “हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“सांगायचं काय त्यात? तुमच्या घरी ओनोरेने सगळं केलं नव्हतं का? डोळ्यांनी बघितलंत ना?”

“तो माझा मित्र होता. मला वाटलं, मैत्रीखातर...”

“लाहितमध्ये तुमच्याआधी जो म्हातारा होता ना, त्याच्याशी ओनोरेचा उभा दावा होता. बांधावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. तरी तो मेला तेव्हा क्रूस धरायला ओनोरेच गेले.” तिने एक बटाटा पाण्यात टाकला. “घराने घराला करायचं असतं ते. त्यात मैत्री कुठून आली?”

एवढी वर्षं उराशी धरलेली गोष्ट तिने बटाट्याच्या सालीसारखी सोलून बाजूला टाकली होती, आणि तिच्या आवाजात साधा रागसुद्धा नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“पण त्यांना तुमची हौस होती हं,” ती पुढचा बटाटा उचलत म्हणाली. “शेवटी शेवटी म्हणायचे, माझ्यापुढे लाहितकर असेल, चांगला ताडमाड उंच आहे. क्रूस वरच्या वाडीपर्यंत दिसेल.”

मॅल्कमला खाली बघावं लागलं. टेबलावर केक होता, नको तिथे फुगलेला आणि मध्ये खचलेला.

“मी त्यांची माफी...”

“ते गेले. आता कोण देणार माफी?” तिने हात पुसले. “पुयानला निरोप धाडला, तो बिचारा नाला ओलांडून आला. जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर ठरलं. आता आमचं पहिलं शेजारघर पुयानचं.”

“आणि माझं?”

झिनेतने खिडकीबाहेर पाहिलं. लाहितचं धुराडं तिथून स्पष्ट दिसत होतं. त्याच्या अलीकडे पलीकडे दुसरं एकही घर नव्हतं.

“तुमचं काही झालं, तर तुमच्या मुलीला तिकडून यायला किती वेळ लागतो?” तिने विचारलं. प्रश्नात खोच नव्हती, खरोखरची चौकशी होती.

“विमान लगेच मिळालं, तर एक दिवस.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “दिवस कसाही निघतो.”

मागच्या अंगणात बदकं ओरडायला लागली. मॅल्कम झटकन उठला. मक्याची बादली दाराजवळ असायची, तशीच होती. त्याने ती उचलली, कडीला हात घातला.

“राहू द्या,” झिनेत मागून म्हणाली. “पुयान येईलच आता.”

त्याने बादली होती तिथे ठेवली. परत निघताना खडी त्याच्या बुटांखाली करकरत वाजत होती आणि आता कडेच्या गवतावरून चालायचं काही कारण उरलं नव्हतं.