भागीच्या पोटातले केस

आमच्या मांजरीने, भागीने, गुरुवारी सकाळी माझ्या आईचा अंबाडा ओकला. ओला, करडा, बुळबुळीत. आकडेही जागच्या जागी होते. आईला जाऊन एकेचाळीस वर्षं झाली. वास मात्र तोच, माक्याच्या तेलाचा, आणि त्यावर आंबलेल्या मासळीचा.

थोरल्या यमूवन्सं माझ्याकडेच राहतात. त्यांनी पदर नाकाला लावला.

“गुंतवळ टाकताना थुंकली नसशील.”

आमच्याकडे विंचरून निघालेले केस बोटावर गुंडाळून, त्यावर थुंकूनच टाकायचे. आई गेली त्या दिवशी तिच्या फणीतले केस मी काढले. त्यांच्यावर थुंकणं मला जमलं नाही.

“नाही थुंकले,” मी म्हणाले.

“मग निस्तर आता. पंजांना तूप लाव, चाटेल.”

तूप चाटून भागीने शुक्रवारी आत्याची वेणी काढली, रिबिनीसकट. शनिवारी मी तिला उकडलेला लाल भोपळा भरवला. धाकट्या भावाचं जावळ आलं, भोपळ्यात कालवलेलं. मी ते कागदाने उचललं. कागदातून ते कोमट लागलं. भागीला लहानपणी मी बाटलीने दूध पाजलंय. नाहीतर हे हात लावण्यासारखं नव्हतं.

रविवारी तिला उचलली तर ती हातावर रुमालासारखी दुमडली.

“उपाय लागू पडला,” वन्सं म्हणाल्या.

“वन्सं, ती संपत चाललीय.”

“मग परत भर. मी काय सांगू? तुझंच माहेर आहे ते.”

मी अंबाडा तुपात बुडवून तिच्या तोंडाशी धरला. तिने तोंड फिरवलं. आत्याची वेणी जिभेवर ठेवली, ती तिने थुंकून टाकली. तिचं अंग जमिनीवर पसरत चाललं होतं. श्वास आता फक्त मिशांत उरला होता.

“शिळं खाणारी नाही ती,” वन्सं म्हणाल्या.

मी जमिनीवर पालथी झाले आणि केस सोडले. भागीने शेंड्यापासून सुरुवात केली. ती चावत नव्हती, नुसती गिळत होती. गिळताना चिकट आवाज येत होता. हळूहळू तिची पाठ भरली, मग पोट.

“हलू नकोस,” वन्सं म्हणाल्या. “धुगधुगी आलीय.”

तिच्या तोंडाची ऊब मानेला लागली. मग तिची खरखरीत जीभ मानेवरून वर टाळूकडे सरकली, सावकाश, सरळ भांग पाडत.