जावयाने कापलेलं गाणं

जावयाने स्क्रीनवरची आणखी एक मोकळी जागा निवडली आणि कापून टाकली. सासूबाईंच्या दोन ओळी एकमेकींना येऊन चिकटल्या. आता कुठे गाणं पळायला लागलं होतं.

घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या टेकवून, तो कित्येक वर्षं हाच उद्योग करत होता. पंजाबी ढोल आणि एकतारी तुंबी घ्यायची, त्यांना जमैकातल्या ‘डान्सहॉल’ संगीताच्या ठेक्यावर बसवायचं, आणि मग तिथल्याच ‘डब’ संगीताच्या रीतीने एकेक वाद्य मध्येच बंद करून उरलेल्याचा आवाज घुमवत ठेवायचा. शेजारी त्या आवाजाला ‘भूकंप’ म्हणत. बायकोच्या आईचं माहेर पंजाबी, त्यांना गाणी किती येतात याची गणती नाही, आणि हा पठ्ठ्या गायिका शोधत गावभर फिरत होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. शेवटी गेल्या आठवड्यात त्याने त्यांना माइकसमोर बसवलं. सासरे गेल्यापासून त्या गायल्या नव्हत्या.

गाणं झकास होतं. नवऱ्याला विचारायचं, कुठे होतास, उशीर का केलास. पण दर ओळीनंतर सासूबाई थांबत. ओठ मिटलेले, नजर खाली. वय झालंय, पुढची ओळ आठवत असतील, असं त्याला वाटलं. त्याने चकार शब्द काढला नाही. मागाहून सगळ्या फटी गुपचूप कापल्या, म्हणजे कुणाला कळायलाच नको. आपल्या या समजूतदारपणावर स्वारी खूषही होती.

गाणं दुसऱ्या दिवशी बाहेर पडणार होतं. दुपारी त्याने मायलेकींना ऐकायला बोलावलं.

“छान झालंय हो, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

हे ‘छान’ त्याच्या ओळखीचं होतं. त्याच्या हातच्या खारट भाजीलाही त्या असंच छान म्हणाल्या होत्या. त्या बाहेर गेल्या तशी बायको त्याच्याकडे वळली.

“बाबांच्या ओळी कुठायत?”

“कुठल्या ओळी?”

“अरे, दोघांचं गाणं आहे ते! आई विचारणार, बाबा थापा मारणार. आई मध्ये थांबत नव्हती का?”

“थांबत होत्या. मला वाटलं, विसरतात.”

“विसरतात! धन्य आहे तुझी.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांना त्याने कधी पाहिलंही नव्हतं, आणि आज त्यांना त्यांच्याच गाण्यातून हाकलून मोकळा झाला होता. तो परत खुर्चीत बसला. एकेक ओळ सोडवली, मध्ये जागा केली. त्या जागेत ढोल बंद, तुंबी बंद, फक्त खालचा जाड सूर घुमत ठेवला. सासूबाई प्रत्यक्षात कमी-जास्त थांबल्या होत्या. नाचणाऱ्यांची पावलं चुकू नयेत म्हणून त्याने सगळ्या जागा सारख्या, चार-चार मात्रांच्या केल्या.

“आई, एकदा परत ऐकता का?”

त्या आल्या, पण उभ्याच राहिल्या. पहिली ओळ झाली. ढोल थांबला. सासूबाईंनी खुर्चीची पाठ धरली आणि डोळे मिटले. चार मात्रा झाल्या, ढोल वाजला आणि त्यांनी चटकन हात वर केला.

“थांबा, थांबा. लवकर आला हा.”

“बरोबर चार मात्रांनी येतोय, आई.”

“येत असेल. पण ह्यांचं गाऊन व्हायचं होतं अजून.”

जावयाने गाणं थांबवलं.

“ह्यांना कुठे धड पंजाबी येत होती?” त्याच पुढे म्हणाल्या. “माझ्यासाठी शिकले. एकेक शब्द आठवत आठवत गायचे.”

“आणि त्यातले निम्मे चुकीचे,” लेक म्हणाली. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

जावयाने माउस हातात घेतला, पण तो घुटमळला.

“आई, मी वाढवतो. पण एवढा वेळ ढोल बंद राहिला, तर लोक नाचता नाचता थांबतील.”

“थांबू देत की,” सासूबाई म्हणाल्या. “मी थांबायचेच ना.”