राजकुमारची झोप: एका रिक्षाची कैफियत

मित्रांनो, तुमच्यातले काही जण रोज माझ्या सीटवर बुटांसकट उभे राहतात, तेव्हा ओळख करून द्यायची खरं तर गरज नाही. तरी सांगते. मी हर्सूलची एक म्हातारी होत चाललेली रिक्षा आहे, शाळेची मुलं नेणारी. टपावर दप्तरं बांधलेली, बाजूला पाण्याच्या बाटल्या लोंबणाऱ्या, आणि आत तुम्ही, एकमेकांच्या मांडीवर.

मी वाळूजच्या कारखान्यात तयार झाले. राजकुमारने मला घरी आणलं त्या दिवशी त्याच्या वडिलांनी, कचरूबाबांनी, माझ्या काचेला झेंडूचा हार घातला. मागच्या बाजूला निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहून घेतलं. आई केसरबाई आणि बायको निशा, दोघींना बसवून पहिली फेरी हर्सूलच्या तलावापर्यंत झाली. त्या काळात राजकुमार मला रोज धुवायचा. पालक म्हणायचे, राजकुमारची रिक्षा म्हणजे काळजी नाही. ते ऐकून मलाही बरं वाटायचं.

मग गेल्या उन्हाळ्यातली ती दुपार आली. कचरूबाबांच्या छातीत दुखू लागलं. राजकुमारने त्यांना माझ्या मागच्या सीटवर आडवं केलं आणि दवाखान्याकडे निघाला. घरात दुसरं कोणी नव्हतं. जळगाव रोडला गाड्या अडकल्या होत्या. म्हातारा सारखा विचारत होता, आलं का, आलं का. राजकुमार मागे न बघता म्हणाला, “बाबा, डोळे मिटून पडा जरा. झोप काढा. आलंच.”

कचरूबाबांनी डोळे मिटले. दवाखान्याच्या दारात राजकुमारने वळून पाहिलं आणि स्ट्रेचरवाल्याला सांगितलं, जपून उचला, झोपलेत. ते झोपलेले नव्हते.

त्या दिवसापासून राजकुमारची झोप गेली. वडिलांना आपण काय म्हणालो होतो, हे त्याने घरात कोणालाच सांगितलं नाही. ते फक्त मला माहीत होतं, आणि मोठ्या माणसांना माझं बोलणं ऐकू येत नाही. अंथरुणाला पाठ लागली की तो दचकून उठायचा आणि अंगणात माझ्यात येऊन बसायचा. औषधाच्या दुकानातून त्याने परस्पर गोळ्या आणल्या. त्यांमुळे सकाळी डोकं जड व्हायचं आणि हँडल धरलेले हात ढिले पडायचे. केसरबाईंनी दृष्ट काढली. एका डॉक्टरांनी त्याचं बोलणं पुरतं ऐकून न घेता गोळी वाढवली आणि सांगितलं, टेन्शन घेऊ नका. स्टँडवरच्या मित्रांनी दारूचा उपाय सुचवला. तो त्याने केला नाही, एवढंच चांगलं झालं.

आणि एका सकाळी, तुम्ही सगळे आत बसलेले असताना, चालवता चालवता त्याचा डोळा लागला. मी दुभाजकाला घासत गेले. तुम्हाला ती गंमत वाटली, तुम्ही ओरडून टाळ्या वाजवल्या. तो जागा झाला आणि त्याने मला कडेला घेतलं. उतरून त्याने तुमची डोकी एकेक करून मोजली.

घरी येऊन त्याने निशाला चालवताना डोळा लागल्याचं सांगितलं. ती शिवणकाम करत होती, मशीन थांबवून म्हणाली, “आधी झोपेचा इलाज करा. तंवर लेकरं न्यायची नाय.”

“येड्याच्या डॉक्टरकडं जाऊ व्हय मी?”

“जायचं. मी येते संगं.”

मित्रांनो, या शहरात डोळ्यांचा, दातांचा, हाडांचा डॉक्टर कुठल्याही चौकात सापडतो. झोप गेलेल्या माणसाचं ऐकून घेणारा माणूस शोधायला निशाला फार फिरावं लागलं. तेवढे दिवस राजकुमारचा चुलतभाऊ मला चालवत होता. मोकळ्या वेळात तो या दोघांना घेऊन निघायचा. एका पत्त्यावर पाटी तेवढी उरली होती, आत मोबाइलचं दुकान निघालं. एक जण फक्त कॉम्प्युटरवरून बोलत, आणि यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. सरकारी दवाखान्यात राजकुमार रांगेत उभा राहिला, पण पुढे ओळखीचा माणूस दिसला तसा तोंड लपवून परत आला आणि माझ्यात येऊन बसला. निशा रागावली नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि दुसरा नंबर फिरवला.

शेवटी गारखेड्यात एका दाताच्या दवाखान्याच्या वर समुपदेशन करणाऱ्या श्रेया मॅडम भेटल्या. हर्सूलपासून लांब, म्हणजे ओळखीचं कोणी दिसणार नाही, म्हणून राजकुमार तयार झाला. पहिल्या दिवशी तो बराच वेळ वर होता. खाली आला तेव्हा डोळे सुजलेले होते. माझ्या मागच्या सीटवर निशाशेजारी बसून तो म्हणाला, “मॅडमनी विचारलं, झोपायची भीती कशाची वाटते. मी सांगून टाकलं. बाबांना झोप काढा मीच म्हणलो व्हतो.”

निशाला तेव्हा कळलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

मॅडमनी त्याच्या गोळ्या ओळखीच्या डॉक्टरांकडून हळूहळू कमी करवल्या. ठरल्या वेळी उठायचं, दुपारी माझ्यात पाय पसरून पडायचं नाही, झोप आली तरच अंथरुणावर जायचं, असं शिकवलं. आणि दर खेपेला वडिलांविषयी बोलतं केलं. दिवाळीपर्यंत तो लागोपाठ सात तास झोपू लागला. मॅडमनी आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर त्याने माझं हँडल पुन्हा हातात घेतलं. इतकी सरळ मी कित्येक महिन्यांत चालले नव्हते.

तेवढ्यात तुमच्यातल्या कृष्णाचे वडील सोमनाथराव दात दाखवायला गारखेड्यात आले. राजकुमार जिना उतरत होता. वरच्या मजल्याची पाटी त्यांनी वाचली आणि मान फिरवली. संध्याकाळपर्यंत सगळ्या पालकांच्या मोबाइलवर ती बातमी पोचली होती.

सकाळी आम्ही कृष्णाला घ्यायला गेलो, तेव्हा सोमनाथराव दारात उभे होते. कृष्णाचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

“आमची लेकरं तुझ्या भरवशावर, आन् तू येड्याच्या दवाखान्यात जातो?”

“झोप येत नव्हती, साहेब,” राजकुमार म्हणाला. “आता येती. आता बरा हाय मी.”

“ते आम्हाला काय ठाऊक. लेकरांचा सवाल हाय.”

एकेक करून सगळी दारं तशीच बंद झाली. माझ्यात एकही दप्तर उरलं नाही. शाळेच्या वेळेला मी अंगणात धूळ खात उभी राहू लागले, कोंबड्या माझ्या सीटवर बसू लागल्या. दुपारी भाड्यासाठी स्टँडवर जावं, तर तिथं त्याला ‘मेंटल’ नाव पडलं. आधी टोपणनाव, मग हाक, आणि मग प्रवासीही त्याच नावाने विचारू लागले. केसरबाई म्हणाल्या, लई झालं, सोड ते. शेवटी सोमनाथरावांनीच निरोप धाडला की त्याने तिथं जाणं बंद केलं, तर पालक विचार करतील.

निशा नको म्हणत राहिली. राजकुमारने माझ्यात बसूनच श्रेया मॅडमना फोन केला आणि यापुढे येणार नसल्याचं कळवलं. मॅडमनी परोपरीने समजावलं, कधीही या म्हणाल्या. त्याने फोन ठेवला आणि हँडलवर कपाळ टेकलं.

तुम्ही परत आलात. शरमेने, धास्तीने, पुन्हा कोणी काही म्हणेल या विचाराने त्याची झोपही पुन्हा उडाली. आता तो दर चौकात तोंडावर पाणी मारतो. परवा टीव्ही सेंटरच्या चौकाजवळ त्याची मान पुन्हा खाली गेली होती, मला जाणवलं. तुमचे आईवडील मात्र निर्धास्त आहेत. राजकुमार सुधारला, असं सोमनाथराव सगळ्यांना सांगतात.

मित्रांनो, माझा ब्रेक बिघडला की राजकुमार मला गॅरेजात नेतो. तिथून बाहेर पडताना मला पाहून कोणी तोंड फिरवत नाही. उलट तुमचे आईवडील म्हणतात, बरं झालं, नीट करून आणली, आता पाठवायला हरकत नाही. मी पत्रा आहे, तरी माझ्या वाट्याला लोकांचं एवढं शहाणपण येतं. आज घरी गेलात की हे त्यांना सांगा. उद्या सकाळी मी नेहमीसारखी दारात येणार आहे, आणि चालवणारा माणूस रात्रभर जागलेला असणार आहे.