इंद्रायणीबाईंचा बिबट्या

आमच्याकडे बाई चालताना दिसली की लोक आधी तिचे हात बघतात. हातात डबा असला तर शेतावर चालली, पाटी असली तर शेणाला, पिशवी असली तर आळेफाट्याच्या बाजाराला. हातात काहीच नसलं तर मात्र लोक तिचं तोंड बघतात, आणि मग रस्त्याचं दुसरं टोक बघतात, तिथं कोण उभं आहे ते.

जयाला हे माहीत नव्हतं असं नाही. ती काही शहरातून आलेली नव्हती. डिंभ्याची, धरणाच्या काठची, शेतकऱ्याच्याच घरातली. पण तिला डॉक्टरणीनं चालायला सांगितलं होतं, आणि त्या दिवसांत तिला धरायला दुसरं काहीच नव्हतं.

पहिलं बाळंतपण खरं माहेरी व्हायचं. पण जयाच्या आईला नेमकी तेव्हाच कावीळ झाली, म्हणून सासूबाईंनी, म्हणजे इंद्रायणीबाईंनी, ते अंगावर घेतलं आणि हौसेनं पार पाडलं. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला घट्ट फडकं. इंद्रायणीबाईंच्या हातून कशात उणं राहत नाही, आणि राहिलं नाही हे आळीत सगळ्यांना कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही.

इतकं यथासांग होऊनही सून कोमेजली. मुलगी रडली की तीही रडे. मुलगी झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरून बसे. जेवायला वाढलेलं गार होई. कुणी विचारलं, तर म्हणे, "काही नाही, मला जमत नाहीये."

नवरा सुदर्शन आळेफाट्याला ट्रकच्या गॅरेजमध्ये होता. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस, पण बायकोच्या गप्प बसण्यातून त्याला काही उमगेना. शेवटी त्यानं तिला नारायणगावच्या डॉक्टरणीकडे नेलं. ती म्हणाली, बाळंतपणानंतर हे पुष्कळ जणींना होतं, यात कुणाची चूक नाही. गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "रोज सकाळी उन्हं आली की मोकळ्यावर चाला. सावकाश. मोबाईल घरी ठेवा. पाय जमिनीला कसा लागतो, वारा कुठून येतो, एवढंच बघायचं. डोक्यात विचार येतील. येतील तसे जातील. आपण परत पायाकडं यायचं."

घरी आल्यावर सासरे सयाजीराव म्हणाले, "चालायला बी डॉक्टर लागतो व्हय? मग आपली म्हस बी दाखवून आणू."

पण जया चालायला लागली. मुलीला सासूच्या मांडीवर द्यायची आणि कालव्याच्या काठानं, उसाच्या कडेनं, मोरीच्या पुलापर्यंत जाऊन यायची. जाताना खांदे पडलेले असत. येताना तेच खांदे जरा वर असत. आल्यावर मुलीला घेई तेव्हा तिच्याकडे बघून हसेही. एक दिवस तिनं आपण होऊन भाकरीबरोबर ठेचा मागितला, तेव्हा इंद्रायणीबाईंना वाटलं, लागली गाडी रस्त्याला.

हे सुख शेजारच्या शीलाला बघवलं नाही, असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. शीलाला कुणाचं वाईट वाटत नाही आणि चांगलंही वाटत नाही. ती फक्त विचारते.

"मामी, जया रोज कुठं जाती वो?"

"फिराया. डॉक्टरनं सांगितलंय."

"आसं का. मंग बरंय. न्हाई, मोरीवर हुबी व्हती लई येळ, पाण्याकडं बघत. म्हटलं कुणाची वाट बगती का काय."

एवढंच बोलून शीला दळण घेऊन गेली. इंद्रायणीबाईंच्या पदरात मात्र ती दोन ओझी टाकून गेली. एक सुनेच्या नावाचं आणि एक पाण्याचं, पोरगी जिवाचं काही करून घेईल याचं. पाण्याचं ओझं खरं होतं, पण नावाचं जास्त जड होतं, आणि माणूस जड तेच आधी उचलतं.

त्यांनी आधी सरळ उपाय केला. जयाच्या हातात खुरपं दिलं.

"शेळीला वंजळभर गवत आण येताना. म्हंजे लोकांना बी कळतं, बाई कामाला गेली व्हती."

जयानं काही दिवस खुरपं नेलं. गवतही आणलं. पण घरी यायची ती घाईत, कपाळाला आठ्या घेऊन, गवताचा हिशेब डोक्यात असल्यासारखी. मग एका सकाळी ती रिकामीच परत आली. खुरपं मोरीवर विसरलं होतं.

"विसरली कशी?"

"विसरले, आई. पण आज किती बरं वाटलं सांगू. पायाखाली माती गार होती. तेवढंच कळत होतं."

इंद्रायणीबाईंना यातलं बरं काय ते कळेना. गार माती त्यांनी जन्मभर तुडवली होती. त्याच दिवशी दुपारी गिरणीपाशी दोन बाया त्यांना बघून बोलता बोलता थांबल्या, आणि बाईंचा निश्चय झाला.

आता आपला मुलूख बिबट्याचा. उसात त्याचं बाळंतपण होतं, उसातच पोरं वाढतात. इथं माणसाला बंद करायचं तर भांडण, शपथ, कुलूप यांतलं काही लागत नाही. ओल्या मातीत एक ठसा पुरतो. इंद्रायणीबाई दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी कालव्यावर गेल्या, जया वळते त्या जागी बसल्या, मुठीनं पंजाचा तळवा उमटवला आणि बोटांच्या पेरांनी वर चार बोटं काढली. नखं उमटू दिली नाहीत. कुत्र्याची नखं उमटतात आणि बिबट्याची उमटत नाहीत, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मोदकाला कळ्या पाडाव्यात तितक्या निगुतीनं त्यांनी ते काम केलं. दोन-चार दिवस सून घरात राहील, गावाचं तोंड मिटेल, मग बघू, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ठसे पहिल्यांदा शीलानंच पाहिले, हे वेगळं सांगायला नको.

सकाळी एकटा असलेला बिबट्या दुपारी मादी झाला आणि संध्याकाळी त्याला दोन बछडी झाली. आळीतला दादाभाऊ म्हणाला, "मी सोताच्या डोळ्यानं पायली. माझ्याकडं बघून गुरगुरली." इंद्रायणीबाईंना त्याला विचारायचं होतं, कुठल्या डोळ्यानं रे पाहिलीस. विचारता येईना. वनखात्याची माणसं पिंजरा ठेवून गेली, आत कोंबडी. त्यात पहिलं जनावर सापडलं ते दादाभाऊचं कुत्रं.

गाव हसलं आणि विसरलं. जया विसरली नाही.

तिनं चालणं सोडलं, एवढ्यावर भागलं असतं तर बाईंचा बेत तडीला गेला म्हणता आलं असतं. पण बिबट्या आता उसात नव्हता, तो जयाच्या डोक्यात येऊन बसला होता. तिनं खिडकी लावून घेतली. मुलीला अंगणात न्यायचं बंद केलं. कडी लावलेली असली तरी उठून पुन्हा बघायची, पुन्हा येऊन बसायची, पुन्हा उठायची. पत्र्यावर मांजर चाललं तरी मुलीला छातीशी धरून कोपऱ्यात जाई. दूध कमी झालं. ठेचा तर राहोच, भात चिवडायची.

सुदर्शननं तिला परत डॉक्टरणीकडे नेलं. चालणं का सोडलं, म्हणून डॉक्टरणीनं विचारलं. बिबट्या म्हटल्यावर तिनं मान हलवली. सबंध तालुक्याचे पेशंट बघणारी बाई, तिला त्यात नवल ते काय. म्हणाली, "मग सध्या घरातच चाला."

जया घरात चालू लागली, मुलीला खांद्याशी धरून. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. डॉक्टरणीनं पावलाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. तिचं लक्ष कडीकडे. इंद्रायणीबाई तांदूळ निवडत बसलेल्या असत, आणि ती पावलं त्यांच्या अंगावरून गेल्यासारखी ऐकत.

एक दिवस त्या म्हणाल्या, "जया, बिबट्या गेला गं आता."

"कशावरून?"

"गेला आसंल. इतक्या दिसांत कुणाची शेळी सुदिक गेली न्हाई."

"दबा धरून बसतात, आई. पिल्लं आहेत तिला."

इंद्रायणीबाईंनी सूप खाली ठेवलं. "पिल्लं न्हाईत. मादी न्हाई. काय बी न्हाई. त्ये ठसे म्या काढले व्हते."

जया चालता चालता थांबली. त्यांच्याकडे बघून कितीतरी दिवसांनी हसली, पण ते हसू लहान पोराला समजवावं तसं होतं.

"माझ्यासाठी असं खोटं बोलू नका. मला बरं वाटावं म्हणून बोलताय, कळतं मला."

बाईंच्या आयुष्यात त्यांचं खोटं नेहमी खपलं होतं. खरं बोललेलं खपलं नाही, ही पहिली वेळ. त्या उठल्या, जयाच्या हाताला धरून मोरीकडे नाही, अंगणातल्या नळाकडे घेऊन गेल्या, जिथं सांडपाण्यानं चिखल असतो. खाली बसल्या. मूठ दाबली. चार पेरं उमटवली. नखं उमटू दिली नाहीत.

जया त्या ठशाकडे बघत राहिली. खांद्यावरची मुलगी चुळबुळ करत होती. मग तिनं विचारलं, "का?"

"लोक बोलत व्हते."

"काय?"

इंद्रायणीबाईंनी आठवून पाहिलं. शीला काय बोलली होती? हुबी व्हती म्हणाली होती. गिरणीतल्या बाया काहीच बोलल्या नव्हत्या, थांबल्या होत्या. सुनेला सांगावं असं एकही वाक्य त्यांना सापडेना.

  जया आत गेली, आणि संध्याकाळी सुदर्शन आल्यावर म्हणाली, "मला डिंभ्याला सोडा."

तिची आई आता बरी झाली होती. सुदर्शन तिला सोडून आला. जाताना जया सासूच्या पाया पडली, रीतीप्रमाणे, पण मुलीला एरवीसारखं त्यांच्या मांडीवर दिलं नाही. मुलीचा चेहरा त्यांनी जयाच्या खांद्याआडून पाहिला.

आता अधूनमधून फोन येतो. सुदर्शन दर रविवारी जातो आणि येताना उजळलेला येतो. मुलगी बसायला लागली, ते त्यानंच सांगितलं. जया फोनवर नीट बोलते. जेवलात का, बाबांचा खोकला कसा आहे. कधी येणार ते ती बोलत नाही आणि इंद्रायणीबाई विचारत नाहीत. एकदा मात्र दुसरंच विचारलं.

"चालती का गं?"

"हो. धरणाच्या बाजूनं."

"एकटीच?"

"नाही, मम्मी येते. ती तिच्या बाजूनं चालते, मी माझ्या. बोलत नाही काही. नुसती असते बरोबर."

फोन ठेवल्यावर इंद्रायणीबाई तांदूळ निवडायला बसल्या. इतकंच लागत होतं. मुलगी सयाजीरावांच्या मांडीवर दिली असती, खुरपं कोपऱ्यात ठेवलं असतं, आणि सुनेच्या बरोबर मोरीपर्यंत गेलं असतं, तर दोघींना बघून गावानं फार तर सासू-सुनेची इतकी गट्टी कशी म्हणून नवल केलं असतं.

सकाळी उन्हं आल्यावर त्या उठल्या, पदर खोचला आणि कालव्याकडे निघाल्या. शीला दारातच होती.

"मामी, कुठं निगालात? रिकाम्याच?"

"रिकामीच."

"काय आणायचंय का?"

"न्हाई."

शीला त्यांच्या पाठीमागे बघत राहिली, आणि मग सवयीनं रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे. इंद्रायणीबाई सावकाश चालल्या होत्या. पाय जमिनीला कुठं लागतो ते बघायचा प्रयत्न करत होत्या. दोन पावलं जमायचं, तिसऱ्याला खांद्याआडचा नातीचा तो चेहरा येई. येईल तसा जाईल म्हणून त्या परत पायाकडे यायच्या. जात नव्हता.