कुंदाबाईंचा हरवलेला डबा

मी कुंदाबाईंचा डबा बोलतोय. असातसा पातळ पत्र्याचा नव्हे, चांगला जाड स्टीलचा, कडीचा! धुळ्यात आग्रा रोडवर त्यांनी मला घेतलं, दुकानदाराला घाम फोडला आणि वर माझ्या पोटावर फुकटात नाव कोरून घेतलं : 'सौ. कुंदाबाई कौतिक पाटील'. लग्नकार्यात भांडी इकडची तिकडे होतात, म्हणून आमच्याकडे नाव लागतंच.

माझं सुखात चाललं होतं. पण कुंदाबाईंच्या ज्योत्स्नाचा जीव गल्लीतल्या अभिमनवर जडला, आणि अभिमन नोकरीला कुठे, तर चाकणला! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो घरी आला होता. परत निघताना ज्योत्स्नाने माझ्यात लसणाची चटणी भरली आणि आईची नजर चुकवून मला त्याच्या बॅगेत कोंबलं.

चटणी आठवड्यात संपली. मी म्हटलं, आता हा मला घासेल. कसलं काय! हा बाबा कंपनीतून आला की झाकण उघडायचा, नाक आत घालायचा आणि डोळे मिटून उसासा टाकायचा. लसणाच्या वासाने कोणी इतकं व्याकूळ झालेलं मी पाहिलं नव्हतं. झोपतानाही मी उशाशीच.

खोलीत सोबत राहणारा पाचोऱ्याचा नवल एकदा माझ्यावरचं नाव वाचून हादरलाच.

"अरे अभ्या, ही तर कोणाची तरी बायको आहे!"

"सासू आहे," अभिमन लाजून म्हणाला. "म्हणजे, होईल."

तिकडे कुंदाबाईंनी माझ्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं. शेजारच्या अक्कावर संशय घेऊन बोलणंही बंद केलं होतं. शेवटी ज्योत्स्नाचा फोन आला.

"डबा धाड लवकर. माय बठ्ठा घरमा धुंडी ऱ्हायनी. आन रविवारले माले देखाले पाव्हना ई ऱ्हायनात."

"डबा धाडा ते मनाकडे तुनं काय ऱ्हाई?" तिची आठवण म्हणून जवळ काहीच उरणार नाही, या भीतीने अभिमन रडकुंडीला आला.

"डबाच धरी बस मंग!" तिने फोन आपटला.

मला फार वाईट वाटलं. पोरगा खरंच जीव लावून बसला होता, फक्त तोंड उघडायची बोंब. नवलने त्याला धक्के मारून गावाकडच्या गाडीत बसवलं.

शनिवारी दुपारी आम्ही दारात. कुंदाबाईंनी आधी मला ओळखलं, मग त्याला. झाकण उघडलं आणि पदर नाकाला लावला.

"अरे देवा! हाऊ डबा घासा नही काब्रं?"

अभिमनने एका दमात सांगून टाकलं. "मावशी, ज्योत्स्नानी भरा व्हता. घासा ते तिना हातना वास जाई, म्हणीसन ऱ्हाऊ दिधा."

आतल्या दारामागे ज्योत्स्नाने कान टवकारले. मीही.

 कुंदाबाईंनी मोरीतली घासणी आणून त्याच्या हातात दिली.

"साधा डबा घासता येस नही, आन मना जवाई व्हवाले उना! घास!" आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अवो, त्या पाव्हनासले फोन करा. येऊ नका म्हना."

अभिमनने मला इतकं घासलं, की नावातला 'सौ.' पुसट झाला. आता लग्नाची तारीख काढायचं चाललंय. तोवर मी पुन्हा चाकणला निघालोय, या वेळी कुंदाबाईंच्या हाताने भरून. तुम्हीही कोणाच्या आठवणीत लांब कुठे राहत असाल, तर खुशाल झुरा. पण बाबांनो, डबा घासून ठेवा, आणि परत द्यायला स्वतः जा.