पलीकडच्या काठावरची अक्षरं

मी मोडेम बोलतोय. माझं बोलणं कुणाला कधी आवडलं नाही. आधी किंचाळायचं, मग घशात काही अडकल्यासारखं गुरगुरायचं आणि एकदम गप्प व्हायचं. मी गप्प झालो की लोकांचे चेहरे खुलत. लाईन लागली म्हणायचे.

मुंबईच्या बाजारातून अठ्ठ्याण्णव साली मला जळगावला आणलं ते अन्वरने. बसस्टँडजवळ त्याचा एसटीडी बूथ होता. त्याच बूथच्या मागच्या अर्ध्या खोलीत त्याने कॉम्प्युटर मांडला आणि फोनची तार जोडून मला त्याच्या डोक्यावर बसवलं. कॉम्प्युटरला फुलाफुलांचं कापड, आत यायचं तर चपला बाहेर. मुलांची ख्यालीखुशाली विचारायला म्हातारी माणसं येत. अन्वर टाईप करी आणि ती माझ्याकडे तोंड करून मोठ्याने ओरडत. परदेश लांब आहे ना, म्हणून.

सुकदेव मात्र ओरडत नसे. जामनेरजवळच्या खेड्यातला. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. केसात कापसाचे तंतू घेऊनच तो यायचा आणि दाराशी उभा राहायचा.

"आत ये ना यार," अन्वर म्हणायचा. "दारात काय पाव्हण्यासारखा उभा?"

त्याला यायला लावलं होतं ते चुडामणने. चुडामण त्याचा मावसभाऊ, नदीच्या पलीकडच्या गावचा. त्याची आई लहानपणीच गेली. मग तो रोज नदी ओलांडून सुकदेवच्या आईच्या, धुरपदाबाईच्या, हातचं जेवायला येई. पुढे तो शिकला, कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला. धुरपदाबाई आजारी पडली तेव्हा शेवटपर्यंत चुडामणची वाट बघत होती. तो आला नाही. दहाव्यालाही नाही. सुकदेवने त्याच्याशी बोलणं टाकलं.

वर्षभराने अन्वरच्या पत्त्यावर सुकदेवच्या नावाने चुडामणचा ईमेल आला. अन्वरने सुकदेवला बोलावून तो वाचून दाखवला. "फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ उचलत नाही. इथले लोक इंटरनेटवर एक खेळ खेळतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि एकाच वेळी त्या गावात हिंडायचं, भेटायचं. सोंग घेतलं तर बोलता येईल मला. खेळ तू निवड."

सुकदेव आत येऊन पडद्यासमोर बसला. "निवडू मग," म्हणाला.

निवडायला त्याने तीन रविवार घेतले. चित्रं नव्हती त्या खेळांत, नुसती इंग्रजी अक्षरं. अन्वर वाचून सांगायचा.

"हा बघ, आकाशातला. जहाज घेऊन ताऱ्याताऱ्यांवर जायचं."

"तिठी माणसं भेटतात का?"

"कधीमधी."

"मंग नको."

दुसरा एका शहराचा होता. कुणी लोहार, कुणी वैद्य, कुणी दुकानदार. अन्वरला तोच आवडला. "हा घे सुकदेव. चौकात बसायचं, गप्पा मारायच्या. भांडण नाही, तंटा नाही."

"अन्वरभाई, आम्ही दोघं शेहरात कधी बसलो? अनोळखी वाटीन मले."

तिसऱ्या खेळात एक नदी होती आणि दोन काठांवर दोन टोळ्या. अन्वर वाचू लागला आणि सुकदेव हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"हाच."

"पण टोळ्या एकमेकांच्या दुश्मन आहेत यार."

"दुश्मन कायले? आमची आखाजीच हाये ही."

मग त्याने सांगितलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी दोन्ही गावची पोरं दोन काठांवर उभी राहत आणि ढेकळांची लढाई होई. सकाळी चुडामण धुरपदाबाईकडे सांजोऱ्या खाई आणि तोंड पुसून पलीकडे लढायला जाई. ज्याच्यावर जीव जास्त, त्याला पहिलं ढेकूळ. ज्याला कुणी ढेकूळच मारलं नाही तो पोरगा रडत घरी जायचा. "मी त्याले ढेकूळ मारलं म्हणजे राग गेला," सुकदेव म्हणाला. "त्याले बरोबर समजीन."

नियम लांबलचक होते. अन्वरने अर्धे वाचले. "बाकीचे खेळता खेळता कळतात," म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

चुडामणला पलीकडची टोळी घ्यायला कळवलं आणि भेट ठरली आखाजीच्या सकाळी. तिकडे आदली रात्र. सुकदेव पांढरा सदरा घालून आला. मी किंचाळलो, गुरगुरलो, गप्प झालो. अलीकडच्या काठावर सुकदेवचं सोंग उभं राहिलं. थोड्या वेळाने पलीकडच्या काठावर चुडामणचं आलं.

आणि लगेच पलीकडून अक्षरं येऊ लागली. ओळीमागून ओळ. पण त्यांना ना शेंडा ना बुडखा. कुठलाच शब्द लागेना.

"लाईन खराब आहे," अन्वर म्हणाला. "कचरा येतोय नुसता."

लाईन खराब नव्हती. त्या सकाळी ती कधी नव्हे इतकी स्वच्छ होती. एका टोळीची भाषा दुसऱ्या टोळीला कळू नये म्हणून तो खेळच अक्षरं उलटीपालटी करून धाडत होता. ते नियमांच्या उरलेल्या अर्ध्यात होतं. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण लाईन लागल्यावर मला आवाज नसतो.

"सरळ होईन तंवर वाट कायले बघू," सुकदेव म्हणाला. "दगड कसा मारायचा ते सांग."

अन्वरने सांगितलं. एकेक अक्षर शोधत सुकदेवने टाईप केलं, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून हसत उत्तराची वाट बघत बसला.

पलीकडची ओळ मध्येच तुटली. पडद्यावर एक वाक्य आलं. अन्वरने ते दोनदा वाचलं.

"सुकदेव, तो मेला. खेळात. नवीन सोंग होतं, एका दगडात गेलं. ते नाव परत घेता येत नाही."

दोन दिवसांनी ईमेल आला. "मावशीच्या वेळी का आलो नाही ते सगळं सांगत होतो. तू ऐकून घेतलंस आणि दगड मारलास. तुझं बरोबर आहे."

सुकदेवने तिथल्या तिथे अन्वरकडून उत्तर लिहून घेतलं. तुझं एक अक्षर मला कळलं नाही, तो दगड आखाजीचा होता, काय सांगत होतास ते पुन्हा सांग.

चुडामणचं उत्तर आलं. "दगडाचं आता समजलं. पण ते लिहायला मला वर्ष लागलं होतं. पुन्हा बसलो, नाही जमत. राहू दे. तब्येत सांभाळ."

त्यानंतर ईमेल येत राहिले. इथे थंडी आहे. तिथे कापूस कसा आहे. मी ते सगळे बिनचूक पोचवले.

पुढच्या साली अन्वरने नवीन कॉम्प्युटर घेतला. त्याचा मोडेम पोटातच होता. मला त्याने खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. काल भंगारवाल्यासाठी खाली काढलं, तेव्हा सुकदेव ईमेल बघायला आला होता. त्याने मला उचललं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं.

"अन्वरभाई, त्या दिवशीचं चुडामणचं बोलणं यातूनच आलं ना?"

"यातूनच."

"मंग याच्यात काही राह्यलं असीन का?"

"त्यात काही राहत नाही रे. आलं की गेलं."

खरं आहे ते. माझ्यात काहीच राहत नाही. सुकदेव तरी मला पिशवीत घालून घरी घेऊन आलाय. इथे फोन नाही, कॉम्प्युटर नाही. धुरपदाबाईच्या तसबिरीखालच्या फळीवर मी आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाला चुडामण भेटला, तर त्याला एवढं सांगा. तुझा भाऊ अजून विचारतोय, तू काय म्हणत होतास.